जुळ्या ओकाखालचा कोट

तो आवाज डेल्फानं शेवटचा ऐकला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती.

आधी लांब, ओढलेला, सगळं खोरं भरून टाकणारा... आणि अगदी शेवटाला चिरत जाणारा. गाणारणीचा गळा ऐन ओळीच्या टोकाला भरून यावा तसा. ज्यूबिलीचा आवाज. ज्यूबिली म्हणजे तिच्या बापाची, कॉर्बिन स्टिडमची बीगल कुत्री. केंटकीच्या त्या डोंगरात बीगल घरोघरी होते, पण सशाच्या मागावर ज्यूबिलीनं साद घातली, की धारा काढणाऱ्या बायकाही हात थांबवून म्हणायच्या, "कॉर्बिनची बोलली गं!"

त्या संध्याकाळी तो आवाज कड्यापलीकडं गेला आणि परत आलाच नाही.

कुत्रं हरवलं की त्या डोंगरात एकच गोष्ट करतात. जिथून कुत्री सोडली तिथं मालकानं अंगातला कोट जमिनीवर पसरायचा आणि घरी जायचं. रात्रीतून कुत्रं वासानं माघारी येतं आणि सकाळी कोटावर मुटकुळं करून झोपलेलं सापडतं. कॉर्बिन घरी आला तोच तापानं फणफणत. त्यानं कोट पोरीच्या हाती दिला. "जुळ्या ओकाखाली टाकून ये, डेल्फा. उगवतीला जाऊन बघ."

उगवतीला ती कोट घेऊन परतली. एकटीच.

"रिकामाच होता, डॅडी."

कॉर्बिननं भिंतीकडं तोंड फिरवलं. "जिवंत असती तर माझ्या कोटावर आली असती," एवढंच बोलला. त्यानंतर त्यानं ज्यूबिलीला शोधलं नाही. सहा वर्षांनी तो गेला, तेव्हाही तो कोट खुंटीवर तसाच होता.

आता डेल्फा चोविशीची होती. बापामागं कुत्री तिनं सांभाळली होती. पाच बीगल, आणि पाचांचा म्होरक्या म्हातारा डीकन. बंदूक ती नेत नसे. ससा उठवायचा, कुत्र्यांनी त्याच्या मागं गात धावायचं, आपण उभं राहून ऐकायचं, आणि ससा बिळात गेला की शिंग फुंकून सगळ्यांना माघारी बोलवायचं. माग नसताना भुंकणाऱ्या कुत्र्याला तिथं खोटारडा म्हणतात. असला कुत्रा कितीही देखणा असो, कोणी दारात ठेवत नाही. डीकन नऊ वर्षांत एकदाही खोटं भुंकला नव्हता. ही गोष्ट डेल्फा कोणालाही, न विचारता, सांगायची. सांगताना तिची हनुवटी आपोआप वर व्हायची.

जानेवारीतली सकाळ होती. गवतावर दहिवर गोठलेलं, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या पांढऱ्या झालेल्या. तिची कुत्री पलीकडच्या उतारावर गात होती. आणि त्या गाण्यात अचानक एक सहावा आवाज मिसळला.

लांब... ओढलेला... आणि टोकाला चिरलेला.

डेल्फाचा हात शिंगावरच राहिला.

"अहो बाई!" जाळीतून एक उंच तरुण धडपडत बाहेर आला. टोपी काट्यात अडकलेली, केसांत वाळकी पानं. "तुमची कुत्री माझ्या सशामागं लागलीत!"

"सशाच्या कानावर नाव लिहिलंय का तुमचं?"

"नाव नाही लिहिलं. पण उठवला माझ्या कुत्रीनं."

"उठवला असेल. ओढ्यापाशी माग तुटला तो जोडला कोणी? माझ्या डीकननं. आता मुकाट उभे राहा, तुमच्या बुटांनी ससा बिचकेल."

तो खरंच उभा राहिला, एक पाय अधांतरी ठेवून! डेल्फाला हसू दाबावं लागलं. ससा गोल फिरून, जिथून उठला तिथंच येतो. म्हणून थांबायचं असतं. तो आला. दोघांच्या मधून, करड्या धाग्यासारखा सर्रकन गेला. मागून सहा कुत्री, कान उडवत.

"ती... शेवटाला आवाज चिरतो, ती तुमची?"

"रूबी." त्याची छाती जरा पुढं आली. "असा आवाज साऱ्या डोंगरात नाही सापडायचा."

"कुठून आणलीत?"

"घरचीच आहे. आणि तुम्ही?"

"डेल्फा. लॉरेल फोर्कच्या कॉर्बिन स्टिडमची मुलगी."

त्याचं हसू ओठांवरच थांबलं. "डेन्झिल नोबल," तो म्हणाला आणि वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

नाडी सुटलेली नव्हती. डेल्फानं पाहिलं.

मग शनिवारामागून शनिवार तो येत राहिला. कड्यापलीकडून, खडखडत्या पिकअपमधून. पहिल्या दोन शनिवारांत "अहो" गळून पडलं.

"आज पुन्हा इकडं कसा?"

"रूबीला तुझ्या डीकनची सवय लागलीय. काय करणार?"

"रूबीला?"

"रूबीलाच. मी आपला तिला पोचवायला येतो."

"मग पोचवून जायचं. चार वाजेपर्यंत कशाला थांबायचं?"

"...एकटीनं परतायची तिला भीती वाटते."

त्याच्या तळव्यात काटे भरायचे आणि डेल्फा ते सुईनं काढायची. काढताना तो मुळीच हूं की चूं करायचा नाही. एकटक बघत राहायचा, सुईकडं नाही... डेल्फा मान वर करायची नाही. मान वर केली तर हात चुकेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मक्याच्या पावाचा मोठा तुकडा तो तिला द्यायचा आणि वर म्हणायचा, "माझा मोठा आहे." कॉफीचा थर्मास एक, झाकण एक. झाकण कोणी आधी प्यायचं यावर दर वेळी भांडण.

पण रूबी गायला लागली, की डेल्फा डोंगराकडं पाठ फिरवायची. हा आवाज कोणाच्या घरचा, ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यालाही माहीत आहे, हेही कळलं होतं. त्या नाडीवरून. विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं. पण ती विचारणार नव्हती. डीकनला कोणी विचारतं का, बाबा रे, माग खरा आहे ना? खरं असतं ते आपणहून बोलतं. आपणहून न बोलणाऱ्या माणसाला दारात घ्यायचं कसं? आणि मन तर कधीचं दार उघडून बसलेलं...

फेब्रुवारीत एका दुपारी अंकल ओटिस त्यांच्यात येऊन बसले. कॉर्बिनचे जुने सोबती. तोंडात सँडविच, कान डोंगराकडं. रूबी गायली आणि त्यांचं चावणं थांबलं.

"पोरा, हा आवाज मी ऐकलाय. हिची आई कोण?"

डेन्झिलनं डेल्फाकडं पाहिलं. मग थर्मासकडं.

"आमच्या बापाकडची जात आहे, अंकल. जुनी."

"अस्सं," ओटिस म्हणाले.

डेल्फानं झाकणातली कॉफी गवतावर ओतली, उठली आणि शिंग फुंकलं. इतकं जोरात, की कुत्री घाबरून धावत आली.

"अगं, झालं काय? आत्ताशी एक वाजलाय—"

"माझ्या कुत्र्यांना खोट्याची सवय नाही. लागायला नको."

पुढच्या शनिवारी ती नेहमीच्या उतारावर गेलीच नाही. अकरा वर्षांत जिथं पाय ठेवला नव्हता तिथं, जुळ्या ओकापाशी, तिनं कुत्री सोडली. ससा उठला, गाणं कड्याच्या कडेनं लांब गेलं. ती ओकाला पाठ लावून उभी राहिली.

आणि वरच्या पायवाटेनं डेन्झिल उतरला. रूबीला कवेत घेऊन.

"लॉरेल फोर्कला गेलो, नव्हतीस. डीकनच्या आवाजावर आलो," तो धापा टाकत म्हणाला. "बोलू का?"

"ससा येतोय. थांब."

दोघं थांबले. ससा आला, गेला. डीकन गेला, बाकीची गेली. शांत झाल्यावर डेन्झिलनं रूबीला खाली ठेवलं, खिशातून पितळेची एक पट्टी काढून तळव्यावर धरली. गळपट्ट्यावरची. घासून झिजलेली, तरी अक्षरं वाचता येत होती : सी. स्टिडम, लॉरेल फोर्क.

"मी सोळा वर्षांचा होतो. माझ्या डॅडींना ती कुत्री सापडली. म्हणाले, रविवारी नेऊन देऊ. मी पट्टी वाचली होती, डेल्फा. मला येत होतं वाचता. तो रविवार काही उजाडला नाही. मग तिला पिल्लं झाली. रूबी तिची नात." त्यानं पट्टी तिच्यापुढं केली. "पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. पण तू हनुवटी वर करून बापाचं नाव घेतलंस... आणि मला वाटलं, सांगितलं तर ही पुन्हा माझ्याकडं बघायची नाही. अंकल ओटिसना आत्ताच सांगून आलो. रूबी तुझी. मला काही नको. नाही... हवंय. पण ते मागायचं तोंड माझं राहिलं नाही."

डेल्फानं पट्टी घेतली नाही. "कुठं सापडली?"

"इथंच. या ओकाखाली."

"कधी?"

"बर्फाचा पाऊस झाला त्या रात्रीच्या दुसऱ्या सकाळी. उजाडून बराच वेळ झाला होता. डॅडी म्हणायचे, कसली कुत्री! गोठलेल्या पानांवर नुसती वाट बघत बसली होती. हाका मारल्या तरी जागची हलेना. उचलूनच आणावी लागली."

डेल्फा सावकाश खाली बसली. रूबी आली आणि तिच्या मांडीवर हनुवटी टेकवून राहिली. दूरवर डीकन पुन्हा बोलला, एकदाच, खरं.

"रूबी तुझीच राहू दे," ती म्हणाली. "आमची असल्याचं अंकल ओटिसना कळलं म्हणजे साऱ्या डोंगराला कळलं, तेवढं पुरे. आता माझं ऐक."

"ऐकतोय."

"त्या रात्री कोट इथं नव्हता." तिची हनुवटी वर नव्हती. "मी पसरला, पन्नास पावलं गेले, बर्फ पडायला लागला. माझ्या अंगावर नुसता स्वेटर होता. थंडी वाजत होती, डेन्झिल. दुसरं काही कारण नाही. माघारी आले, कोट उचलला, अंगात घातला. रात्रभर गोठ्यातल्या गवतात लपवला आणि पहाटे तोच हातात घेऊन घरात शिरले. इकडं फिरकलेही नाही. डॅडींना सांगितलं, रिकामाच होता."

 डेन्झिलनं अंगातला कोट काढून पानांवर पसरला. रूबी उठली, कोटावर गेली, तीनदा गोल फिरली आणि मुटकुळं करून निजली. एक बाही मोकळी राहिली. डेल्फा त्या बाहीवर सरकून बसली.

"डॅडींना शेवटपर्यंत सांगितलं नाही मी हे. कोणालाच नाही," ती म्हणाली. आणि आता मात्र तिची हनुवटी वर झाली. "तुला सांगितलं. काय समजायचं ते समज."