मागच्या सीटवरची झोप

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली आणि ती लेकीला घेऊन मिस्त्रीला गाडी दाखवायला गॅरेजकडे निघाली. काम साधंच होतं. दीड महिन्यापूर्वी कुणाकडून तरी घेतलेली ती जुनी, वापरलेली गाडी सुरू केली की फट्फट् आवाज करायची आणि जरा तापली की गप्प व्हायची. नवरा म्हणायचा, "म्हातारी आहे, सकाळी सकाळी खोकणारच."

पण तिच्या जिवाला घोर होता तो आवाजाचा नव्हे, लेकीच्या झोपेचा. चार वर्षांची पोर, घरात दोन मिनिटं एका जागी टिकेल तर शपथ. पण गाडीत मागे बसवली की थोड्याच वेळात मान टाकायची. उतरवताना हाका मारमारून, डोळ्यांना पाणी लावून उठवावं लागायचं. सासूबाई खूश. "गाडीत बसली की किती गुणी होते गं!" सगळे त्याला गुणीपणाच म्हणायचे. तीही म्हणालीच होती की दोन-चारदा. आता तो शब्द आठवला की तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या दिवशीही पोर झोपलीच. गॅरेजपाशी उचललं, तर हात नुसते लोंबत होते. मिस्त्रीच्या बायकोनं लगबगीनं तिला बाहेर झाडाखाली बाजेवर निजवलं. मोकळा वारा लागला, तेव्हा कुठे डोळे किलकिले झाले.

मिस्त्रीनं हे सगळं बघितलं. म्हातारा गृहस्थ, हातभर काळं वंगण माखलेला.

"गाडीच्या काचा बंद असतात का?"

"हो... थंडी बाधते ना तिला."

तो उठला आणि गाडी आत घेऊ लागला. 

गॅरेज म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. दारापाशी ऊन, पण चार पावलं आत गेलं की अंधार आणि जळक्या तेलाचा वास. मिस्त्रीनं गाडी जॅकवर उचलून ठेवली, धूर फटीफटींतून निघावा म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा दाबला आणि हातात रबराची नळी घेऊन खाली सरकला. नळीचं दुसरं टोक तिच्याकडे दिलं.

"कानाला लावा. माझे कान गेले हातोड्या ऐकून. मी खालून टोक फिरवतो. फुसफुस वाढली की सांगा."

इंजिन सुरू झालं. पुढच्या जोडावर टोक आलं तशी फुस्, फुस्, फुस्.

"इथे!"

"जोडातलं पॅकिंग जळलंय. आणि इथं?"

मागच्या सीटखाली तर कानात वाफ सोडल्यासारखं झालं.  खालून मिस्त्रीचा आवाज आला, "बाई, पाइप कुजलाय. वरचा, गाडीच्या तळाचा पत्राही. टोक सरळ आत जातंय बघा. धूर पोरीच्या पायाशी निघत होता. यातल्या विषाला वास नसतो. ती झोप नव्हती."

 ती तिथंच टायरला टेकून बसली.

"आजच डॉक्टरला दाखवा. इंजिन बंद करतो."

शेडमध्ये एकदम शांतता पसरली. नळी अजून तिच्या कानालाच होती. आणि नळीतून आवाज येत होता.

फुसफुस नव्हती ती. हळूच आत... मग थांबणं... मग हळूच बाहेर. रोज रात्री लेकीच्या नाकाशी कान नेऊन ती हेच तर ऐकायची.

"मिस्त्री... अजून येतोय."

"काय?"

"श्वास..."

"तापलेलं लोखंड निवतंय. ते बोलतं."

"नळीचं टोक... कुठंय?"

"वरच्या भोकात राहिलंय. का हो?"

तिनं बाहेर पाहिलं. लेक बाजेवर बसून मिस्त्रीणबाईंच्या बांगड्या मोजत होती. गाडीत कुणी नव्हतं.

मिस्त्रीनं नवं पॅकिंग घातलं, पाइप बदलला, भोकावर पत्रा मारला. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फासलं. एकही बुडबुडा आला नाही. "मुंगीच्या श्वासाएवढीही गळती नाही आता," तो म्हणाला.

तिन्हीसांजेला ती निघाली, थेट दवाखान्याकडे. चारी काचा उघड्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. लेक टक्क जागी! ती म्हैस बघ, तो दिवा बघ, तोंडाचा पट्टा बंद होईना. तिचे डोळे भरून आले. गुणी नको बाई, अशीच बडबडी राहा.

आणि मग बडबड हळू झाली. कुजबुजीवर आली.

"कुणाशी बोलतेस गं?"

"ही आत्ता उठली."

"...कोण?"

"ही. खूप दिवस झोपली होती." लेक जरा थांबली. "रडतेय. माझी आई कुठंय, विचारतेय."

तिनं झटकन वर पाहिलं. आरशात लेक एकटीच दिसत होती, डाव्या खिडकीशी.

"मग... तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, रडू नको. माझी घे."

तेवढ्यात तिच्या उजव्या कानामागे, अगदी जवळून, कुणीतरी जांभई दिली. लहानशी, गरम. त्या जांभईला धुराचा वास होता.