दादाने थांबवलेला डाव

पटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला कोणाशी वाद घालायचा नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मंगळवार होता. दुपारचे अडीच. रात्र-बित्र काही नाही, बाहेर लख्ख ऊन.

मी कानाच्या दवाखान्यात काम करते. कोणाला किती ऐकू येतं ते तपासायचं. पेशंटला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. "आवाज आला की दाबा." त्याने दाबलं की बाहेर माझ्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. दिवसातून वीस वेळा हेच.

पण आधी दादाचं सांगते. नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. घरी आम्ही दोघं मारामारीचा एक गेम खेळायचो. सोळा वर्षं, एकच गेम. माझी ती काठीवाली बाई, त्याचा तो टकला म्हातारा. म्हाताऱ्याकडे एक डाव होता. आम्ही त्याला पांढरा घाव म्हणायचो.

बटण दोनदा पटकन दाबायचं. टक-टक. मग क्षणभर थांबायचं... आणि मग एकदाच, लांब, दाबून धरायचं.

सगळा पडदा पांढरा व्हायचा. आवाज बंद. संगीत नाही, काही नाही. मनात तीन आकडे मोजेपर्यंत नुसती शांतता. आणि आवाज परत आला की समोरचा आडवा झालेला असायचा.

काय देखणा होता तो डाव! मार खाणारी मी, तरी बघत राहायचे.

सोळा वर्षांत मी एकदाही जिंकले नाही. एकदाही नाही.

नऊ महिन्यांपूर्वी एका रविवारी आम्ही खेळत होतो. माझ्या बाईचा जीव केसाएवढा उरला होता. दादाने टक-टक केलं. तेवढ्यात आई ओरडली, "अरे, टाकी भरून वाहतेय! व्हॉल्व्ह बंद कर जा!"

त्याने गेम थांबवला. मला म्हणाला, "हलू नकोस. येतो आणि मारतो तुला."

गच्चीवर गेला. लोखंडी शिडी ओली होती.

मी पंचवीस मिनिटं हलले नाही. फोन बघत बसले. खालून शेजारची काकू किंचाळली तेव्हा उठले.

मी रडले नाही. दहाव्या दिवशी कामावर गेले. लोक म्हणाले, धीराची आहे पोरगी. धीर कसला डोंबलाचा... आत काही हलतच नव्हतं.

तो डाव मात्र मी बंद केला नाही. टीव्ही बंद केला, पण खालचा गेमचा डबा चालू ठेवला. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर घेतला. त्या गेमचा नियम असा की ज्याने थांबवला त्याच्याच रिमोटने तो पुन्हा सुरू होतो. दादाचा रिमोट बिनतारी, त्याची बॅटरी केव्हाच संपली होती. मी ती चार्ज केली नाही. म्हणजे डाव संपणारच नव्हता. मला तेवढंच हवं होतं.

आई रोज म्हणायची, "बंद कर गं ते. त्याचा जीव अडकलाय त्यात."

मी म्हणायचे, "असू दे."

तर, तो मंगळवार.

एक आजोबा आले होते. आवाज असो नसो, बटण दाबत सुटले.

"आजोबा, मी अजून सुरूच केलं नाही."

"मग करा की लवकर! मी कधीचा दाबतोय!"

त्यांना कसंबसं उरकून पाठवलं. काचेची खोली रिकामी झाली. बटण खुंटीला अडकवलं, दार लावलं, रिपोर्ट लिहायला बसले.

हिरवा दिवा लागला.

दोनदा. पटकन.

मग क्षणभर काही नाही...

मग लागला तो लागूनच राहिला.

वाटलं, आजोबांनी बटणाची वाट लावली. आत जाऊन पाहिलं. बटण खुंटीला लटकत होतं. बाहेर येऊन त्याची वायर मशीनमधून उपटून काढली आणि परत बसले.

हिरवा दिवा पुन्हा लागला. टक-टक...

वायर माझ्या हातात होती.

मला भीती वाटायला हवी होती. नाही वाटली. नुसती बघत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"लवकर घरी ये."

"काय झालं?"

"टीव्ही लागलाय."

"मग बंद कर."

"मी लावला नाही गं..."

घरी पोचले तेव्हा आई दारातच उभी होती. भिंतीला हात टेकून, अनवाणी. आत टीव्ही चालू होता. नऊ महिन्यांपूर्वी होता तसाच डाव. माझी बाई वाकलेली, म्हाताऱ्याचा हात वर.

दादाचा रिमोट जमिनीवर, त्याच्या जागेवर पडलेला. डाव्या बाजूला. तो नेहमी माझ्या डावीकडे बसायचा.

रिमोटचा निळा दिवा चालू होता.

"आई, तू हा चार्ज केलास?"

"मला येतं का ते? मी हातही लावला नाही."

मी माझ्या जागेवर बसले. का, ते विचारू नका. माझा वायरवाला रिमोट हातात घेतला.

पडद्यावरचं 'थांबा' गेलं. संगीत सुरू झालं.

आणि माझ्या डावीकडे... बटण दाबलं गेलं. मी वळून पाहिलं नाही. आवाज मात्र ऐकला. लांब, दाबून धरलेलं.

पडदा पांढरा झाला.

आवाज गेला. टीव्हीचाच नाही. पंखा फिरत होता, त्याचा आवाज नाही. आईचे ओठ हलत होते, तिचा आवाज नाही. मी रोज त्या काचेच्या खोलीत जाते. तिथेसुद्धा आपला श्वास ऐकू येतो. इथे तोही नव्हता.

एक.

दोन.

तीन.

मी काही दाबलं नाही. बोटं उचलतच नव्हती. म्हटलं, मार बाबा एकदाचं.

आवाज परत आला. माझी बाई उभी होती.

म्हाताऱ्याचा घाव बाजूने गेला होता. आता तो माझ्यासमोर उभा होता, दोन्ही हात खाली सोडून. मारत नव्हता. अडवत नव्हता. एवढा वेळ गेममध्ये कोणी नुसतं उभं राहत नाही.

आई मागून रडत म्हणाली, "मार गं बाई. मार आणि सोडव त्याला."

मी मारलं. एकदा, दोनदा, किती वेळा ते आठवत नाही. त्याने हात वर केलाच नाही. शेवटी पडला. पडद्यावर माझं नाव आलं.

निळा दिवा गेला. खालचा डबाही आपोआप बंद पडला. तो पुन्हा चालू झाला नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा आतून कधीच जळलाय. पाच-सहा महिने तरी झाले असतील."

आई त्या रात्री नऊ महिन्यांनी पहिल्यांदा गाढ झोपली. आता नीट जेवते. येईल त्याला सांगते, "बहिणीने सोडवला हो त्याला. सुटला माझा लेक."

मला मात्र एकच गोष्ट खाते.

दादाने मला कधीच जिंकू दिलं नाही. माझ्या वाढदिवसाला नाही. अंगात एकशेदोन ताप होता तेव्हा नाही. दहावीत नापास होऊन रडत बसले होते, तेव्हाही त्याने सात वेळा हरवलं. म्हणायचा, "दया करून जिंकवलं तर तो तुझा अपमान आहे, येडे." 'येतो आणि मारतो तुला' म्हणून गेला होता तो. आला असता तर मारलंच असतं. हात खाली सोडून उभा राहिला नसता.

तो दादा नव्हता.

मग मी कोणाला मारलं? आणि तो डाव असा संपल्यावर दादाचं काय झालं?

आईला हे मी सांगितलेलं नाही. ती अधूनमधून माझा हात धरून विचारते, "सुटला ना गं तो?"

मी हो म्हणते.