सरकलेला थर

“कपबशा कपाटातच राहू देत, घर अलगद नेतायत!”

आईचा तो आवाज अजून कानात आहे. मी लहान होते. खाणीला आमच्या गल्लीखालचं लोखंड हवं होतं, म्हणून अख्खं घर चाकांवर चढवून टेकडीवर आणलं. एक कपबशी फुटली नाही. आई मात्र पुढे कितीतरी दिवस सकाळी उठून भलत्याच भिंतीत खिडकी शोधायची.

लीनो भेटला तो हॉकीच्या बर्फावर... आडवा पडलेला, खांदा निखळलेला. मी गावातली हाडांची डॉक्टर. गुडघे टेकले, त्याचं मनगट धरलं.

“बोलत राहा, म्हणजे दंड सैल पडेल. काम काय करतोस?”

“खाणीत... दगड वाचतो. आई गं! खडकाचंही असंच — थर सरळ येतो, येतो, आणि भेगेशी निखळून खाली—”

खट्! खांदा बसला.

“—सरकतो,” तो डोळे विस्फारून म्हणाला. “पण तो बसवायला अशी सुंदर डॉक्टर येत नाही.”

“भूल उतरली की बोल.”

“भूल दिलीस कुठे?”

खांदा बरा झाला, तरी दुखायचा... फक्त माझ्या दाराशी. बर्फ वितळून पागोळ्या ठिबकू लागल्या, तोवर बाबा त्याच्यासाठी शनिवारी सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवू लागले होते. आम्हा फिनिश लोकांचं प्रेम एवढंच — लाकडं फोडायची, गप्प बसायचं. लीनो इटालियन, तो कांद्यालासुद्धा ‘माझ्या राजा, प्रेम आहे तुझ्यावर’ म्हणणार.

“ऐला, तुमच्यात ‘प्रेम आहे’ म्हणतात तरी कधी?”

“माणूस गेल्यावर. तेही शेजारी.”

तो हसला... आणि वाट पाहत राहिला.

मग खाणीने त्यालाच आमच्या टेकडीखालचं लोखंड शोधायला सांगितलं.

“पुन्हा हलायचं का रे आम्ही?”

“गावसभेआधी बोलायची मनाई आहे गं.” बडबड्या लीनो खाली बघत राहिला. माझ्या ओठांवर आलेलं ‘प्रेम आहे’ तिथेच थिजलं.

सभेत अख्खी टेकडी लोटली. लीनोने नकाशा उलगडला, घसा खाकरला... आणि मी उभी राहिले.

“थांब! आधी माझं ऐक. घर वाचलं आणि मग बोलले, तर ते आभार वाटतील. घर गेलं, तर मी कधीच बोलणार नाही. म्हणून आत्ताच सांगते — माझं प्रेम आहे तुझ्यावर!”

बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मागून कुणीतरी ओरडलं, “अगं, गेला की काय तो?”

खसखस पिकली. लीनोचे कान लालबुंद. त्याने नकाशावर बोट ठेवलं.

“लोखंडाचा थर... टेकडीच्या अलीकडेच तुटलाय. इतका खोल सरकलाय की खाणीने नाद सोडला. कुणाचंही घर हलणार नाही!”

टोप्या उडाल्या, बाकं वाजली, कुणी रडलं, कुणी नाचलं. त्या गदारोळातून वाट काढत तो माझ्यापाशी आला, आणि इतके दिवस फक्त कांद्यालाच सांगितलेलं ते अगदी हळू म्हणाला—

“माझंही, ऐला. तुझ्यावरच.”