थोरलीची बिघडलेली चाल

"हात लावू नकोस," चिमटी म्हणाली.

"तूच लावला असशील, ते आधी कबूल कर," तिचा मामेभाऊ म्हणाला. शब्दाशब्दाला वाद घालायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

दोघांची नाकं काचेला टेकली होती. पलीकडे थोरली चालायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं.

थोरली म्हणजे तळहाताएवढी, तपकिरी, केसाळ टॅरँटुला. मामाने ती आणली तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढी होती म्हणे. वयाने ती चिमटीहून मोठी होतीच, पण वकिलाहूनही मोठी होती. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "या घरात आधी ती आली, मग मी आले, मग हा पोरगा. मानही त्याच क्रमाने मिळतो."

एरवी थोरलीची चाल बघत राहावी अशी होती. एक पाय उचलायचा, जमीन चाचपायची, मग दुसरा. गुडघे दुखणारी आजीबाई जिना उतरते ना, तशी सावकाश आणि रुबाबात. आज मात्र आठ पाय म्हणजे आठ भांडकुदळ भाऊबंद झाले होते. एक पुढे ओढत होता, दुसरा मागे. मधेच सगळं अंग झटका बसल्यासारखं हले. ती स्वतःच्याच पायांत अडकली, कलंडली आणि पुन्हा उठून थरथरत राहिली.

कोळ्यांची भीती वाटायचे चिमटीचे दिवस मागे पडले होते. थोरली पाठीवर पडली की ती मेलेली नसते, कात टाकत असते, हे तिला गेल्याच सुट्टीत कळलं होतं. तेव्हा ती रडली होती आणि मामा हसला होता. सगळे पाय पोटाखाली मुठीसारखे आवळले, तर बहुधा पाणी कमी पडलेलं असतं, हेही तिला ठाऊक होतं. पण हे त्या दोन्हींतलं काहीच नव्हतं.

शेजारच्या पेटीत टकली होती. पोटावरचे केस उडवून उडवून तिने स्वतःला टक्कल पाडून घेतलं होतं, म्हणून ती टकली. तिचेही मागचे पाय लटलट कापत होते. खालच्या फळीवरच्या प्लास्टिकच्या दोन डब्यांतले कोळी मात्र आपापल्या कोपऱ्यात निवांत बसले होते.

मामा परगावी पुलाच्या कामावर गेला होता. जाताना त्याने कोळ्यांचा कारभार भाचीच्या हाती दिला होता, कारण लांब चिमट्याने खाणं भरवताना तिचा हात हलत नसे. तिचं नावही त्यातूनच पडलं होतं. सख्ख्या मुलाला त्याने सांगितलं होतं, "तू कोळ्याशीसुद्धा वाद घालशील." तेव्हापासून वकील धुमसत होता. आज त्याला संधी मिळाली होती आणि ती सोडण्याइतका तो भला नव्हता.

"बाबांना काय सांगणार आहेस? तुम्ही सांभाळायला दिलं आणि मी बिघडवलं?"

"तू गप्प बसलास तर मला विचार करता येईल."

शेजारच्या खोलीत मामी कपाळावर ओली पट्टी ठेवून पडली होती. आठवडाभर रोज दुपारी तिचं डोकं फुटायला येत होतं. या खोलीचा उंबरा तिने कधी ओलांडला नव्हता, पण डोकेदुखी त्या पेट्यांच्या वासानेच होते याबद्दल तिची खात्री होती. कोळी आजारी पडल्याचं ऐकून तिला दुःख झालं असं म्हणणं खोटं ठरेल.

तेवढ्यात बातमी खालीही पोचली. ती नेली भोंग्याने. खालच्या मजल्यावर घरमालकांचं सुतारकामाचं दुकान होतं आणि भोंगा हा त्यांचा नातू. त्याला कुठलीही गोष्ट हळू सांगता येत नसे. घरमालक म्हणजेच सुतारआजोबा हातातला रंधा तसाच घेऊन वर आले. दारातूनच त्यांनी त्या "केसाळ पिडे"कडे पाहिलं, आता हा रोग माणसांना लागणार असं जाहीर केलं आणि उद्या संध्याकाळी फवारणीवाल्याला बोलावून खोली धुऊन काढतो म्हणाले. पेट्या उचलल्या तर ठीक, नाहीतर पेट्यांसकट.

मामी लगेच हो म्हणाली. चिमटीने काही बोलायला तोंड उघडलं, तर मामीने तिला थांबवलं. पाहुणीने पाहुणीसारखं राहावं, असं ती म्हणाली.

संध्याकाळी मामाचा फोन आला. तेव्हा फोन भिंतीवर टांगलेला असे आणि बोललेलं सगळ्या घराला ऐकू जाई. चिमटीने न रडता सगळं सांगितलं. मामाने तिला थोरलीचं एकेक पाऊल कसं पडतं ते विचारून घेतलं. अशी चाल बहुतेक वेळा किडे मारायच्या औषधाने होते, तो म्हणाला. निदान तोच संशय आधी घ्यावा. दोघींना स्वच्छ, हवेशीर डब्यांत हलवायचं. खाली साधा कागदी रुमाल, जवळ पाणी, डोक्यावर सावली. खायला काही द्यायचं नाही आणि हात लावायचा नाही.

"आणि चिमटे, औषध येतंय कुठून ते शोध. नाहीतर सगळं फुकट."

"मला जमेल का?"

"मी तिथे नाही. तू आहेस."

हवेशीर जागा घरात एकच होती, दिवाणखान्याची खिडकी. मामीने साफ नकार दिला. तेव्हा, कुणालाही वाटलं नव्हतं, पण वकील मधे पडला. "आई, उद्या त्या खोलीत फवारणी करायची असं तूच ठरवलंस. मग पेट्या तिथे ठेवून कशा चालतील? तुझ्याच बोलण्याप्रमाणे त्या हलवायला हव्यात."

"उद्या संध्याकाळपर्यंत," मामी म्हणाली. "एक केस जरी माझ्या गालिच्यावर दिसला, तर सगळ्यांना बाहेर काढीन. तुला धरून."

"माझ्या बाजूने का बोललास?" चिमटीने नंतर विचारलं.

"तुझ्या बाजूने नाही बोललो. आईचा मुद्दा कच्चा होता."

नुसत्या पाण्याने धुतलेले डबे पुसून ठेवले. चिमटीने थोरलीवर अलगद भांडं पालथं घातलं आणि खालून पुठ्ठा सरकवला. भांड्याच्या आत धडपड ऐकू येत होती. कधी न हलणारा तिचा हात त्या दिवशी हलला. वकिलाने ते पाहिलं आणि पुठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं.

रिकामी पेटी उचलताना चिमटीला झाकणाच्या जाळीवर तांबूस, पिठासारखी धूळ दिसली. बोटाला लागलेली धूळ तिने लांबूनच हुंगली. रॉकेलसारखा उग्र दर्प आला. तिने आधी हात खसखसून धुतले आणि मग खालच्या डब्यांची झाकणं तपासली. त्या डब्यांना वर जाळी नव्हती, बाजूला फक्त बारीक भोकं होती. तरी तिने तेही खिडकीपाशी नेले.

"जे काही आहे ते वरून पडतंय," ती म्हणाली.

फळीच्या वर भिंतीत एक झरोका होता. तो इमारतीच्या मधल्या अरुंद पोकळीत उघडायचा. खालपासून गच्चीपर्यंत गेलेल्या त्या पोकळीला मुलं उलटी विहीर म्हणत. हवा खेळावी म्हणून ती बांधलेली होती. वकिलाने झरोक्याला कागदाची पट्टी चिकटवली. ती मेल्यासारखी लोंबत राहिली.

सकाळी टकली गेली होती. पाय पोटाशी घेऊन, कागदी रुमालावर, अगदी लहानशी होऊन. थोरली अजून झटके देत होती, पण पाणी भरून ठेवलेल्या झाकणापर्यंत पोचली होती.

"एक तरी गेली म्हणायची," मामी म्हणाली. चिमटीने तिच्याकडे पाहिलं. तशी मामी उगाचच उशांचे अभ्रे बदलत बसली.

जेवणं झाली. खाली दुकानाचं पुढचं दार ओढल्याचा आवाज आला आणि भिंतीतून बारीक घरघर सुरू झाली. झरोक्यातली पट्टी उचलली गेली आणि आतल्या बाजूला फडफडू लागली. पलीकडे मामी कण्हली, "आलं बाई डोकं."

वकिलाने चिमटीकडे पाहिलं. दोघं जिना उतरून भोंग्याला शोधायला धावली.

भोंग्याला काही लपवायचं ठाऊकच नव्हतं. दुपारी आजोबा लाकडाला वाळवीचं औषध लावतात आणि वाळलेलं लाकूड घासतात, त्याचा तांबूस भुसा उडतो, तो म्हणाला. पंखा आधी रस्त्याकडे वारा फेकायचा, पण गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली. म्हणून गेल्या आठवड्यात आजोबांनी तो उलटा बसवला, पोकळीकडे तोंड करून. सगळं वर गच्चीवर निघून जातं, माझंच डोकं आहे हे, असं ते सगळ्यांना सांगत होते.

"आणि गच्चीवर पोकळीचं तोंड उघडं आहे?" वकिलाने विचारलं.

भोंगा थबकला. "नाही. तिथे कबुतरं शिरायची. आजोबांनीच फळी ठोकलीय. फार दिवस झाले."

पंखा आजोबांचा आणि फळीही आजोबांचीच. दोन्ही कामं हुशारीने केलेली, पण पंखा उलटा बसवताना फळी त्यांच्या लक्षातच राहिली नव्हती. तिघं सांगायला गेली, तर त्यांनी ऐकून घेतलं नाही. फळीला फटी आहेत, हवा कशी जाते हे शेंबड्या पोरांनी मला शिकवू नये, असं म्हणून त्यांनी तिघांना बाहेर काढलं. फवारणीवाला आता येईलच, हेही वर सांगितलं.

जिन्याखाली बसून तिघांनी डोकं चालवलं. मग भोंगा एकटाच आत गेला. औषधाचा डबा बंद झाला आहे हे त्याने आधी पाहिलं. मग तो आजोबांना म्हणाला, "आजोबा, वकील म्हणतो तुमच्या पंख्यात दम नाही. चिमूटभर पूडसुद्धा गच्चीपर्यंत जायची नाही."

मुलांना, भाडेकरूंना, कुणालाही बोललेलं आजोबांना चाललं असतं. पंख्याला बोललेलं चाललं नाही. लाकडावर रेघ मारायच्या दोऱ्याला लावतात ती निळी पूड त्यांनी उचलली. चिमूटभर नव्हे, चांगली ओंजळभर.

वर चिमटी दिवाणखान्याच्या दारात उभी होती. "मामी, तुम्ही जरा त्या खोलीत याल? फळीवर फार धूळ आहे. फवारणीवाला बघेल."

मामीला कोळ्यांनी हटवलं असतं, धुळीने नाही. परका माणूस आपल्या घरातली धूळ बघणार म्हटल्यावर तिने पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. फळीवर बोट फिरवलं आणि ते तांबूस बोट बघून ती हबकली.

"ही घाण येते तरी कुठून?" असं म्हणत तिने झरोक्याकडे मान वर केली.

खरं तर निळी पूड फळीवर अंथरलेल्या पांढऱ्या कागदावर पडायची होती. मामी वर बघेल हे चिमटीने धरलंच नव्हतं. वकिलाने धरलं होतं, हे त्याने पुढे कित्येक वर्षांनी कबूल केलं.

भप्पकन निळा ढग आला. ढग खाली बसला तेव्हा मामीचे फक्त डोळे पांढरे राहिले होते.

ती ओरडली नाही. ती तशीच जिना उतरली आणि तिच्या मागून दबक्या पावलांनी दोघं. सुतारआजोबा दुकानात निळे हात झटकत उभे होते.

"कुठे गेली तुमची पूड?" मामीने विचारलं.

"गच्चीवर," असं म्हणत आजोबा वळले.

"माझं तोंड तुम्हाला गच्ची दिसतं?"

आजोबांनी मामीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या हातांकडे. मामी पुढे बोलत राहिली, पण आवाज चढवून नव्हे. आठवडाभर माझ्या घरात तुम्ही विष सोडताय. मी डोकं धरून पडते आणि दोष त्या मुक्या जिवांना देते. तुम्हीही देता. त्यांची चाल बिघडली नसती, तर आम्ही आणखी किती दिवस ते हुंगत बसलो असतो?

आजोबांनी माफी मागितली नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पाना घेतला आणि ते पंख्याचे बोल्ट सोडवायला लागले. फवारणीवाला दारात येऊन उभा राहिला, त्याला त्यांनी हातानेच परत पाठवलं. संध्याकाळी ते गच्चीवर गेले आणि फळी उखडल्याचा आवाज सगळ्या इमारतीने ऐकला. उतरताना चिमटीपाशी क्षणभर थांबले. "पूड किती वर जाते ते बघायची युक्ती वाईट नव्हती," एवढं बोलून गेले. भोंग्याला मात्र दुकान झाडायला लावलं. निळ्या पुडीसकट.

थोरली लगेच बरी झाली नाही. आधी झटके विरळ झाले. मग एके दिवशी तिने एक पाय उचलला, जमीन चाचपली आणि मगच दुसरा उचलला. चिमटी काचेपाशी बसून होती. तिने वकिलाला हाक मारली नाही, कारण तो शेजारीच बसला होता.

मामा परतला, तेव्हा त्याने आधी टकलीचा रिकामा डबा पाहिला आणि बराच वेळ तो हातात धरून उभा राहिला. मग भाचीला जवळ घेऊन म्हणाला की मी इथे असतो तर खाणं बदललं असतं, पाणी बदललं असतं, पण झरोक्याकडे माझं लक्ष गेलं नसतं. वकिलाच्या पाठीवर त्याने थाप मारली. "वाद घालणं कामाला येतं तर."

मामी स्वयंपाकघरातूनच बोलली. "डोकं माझं दुखत होतं, आणि कारण कळलं त्या पोरीला. पुढच्या सुट्टीतही पाठवायला सांग तिच्या आईला."

थोरलीची पेटी परत आतल्या खोलीत नेऊ का, असं मामाने विचारलं. मामी म्हणाली, राहू दे, आतल्या भिंतींचा वास जाईपर्यंत. तो वास कधी गेला कुणास ठाऊक, पण पेटी पुढे अनेक वर्षं दिवाणखान्याच्या खिडकीतच राहिली. आणि रोज दुपारी, आडवी होण्याआधी, मामी तिथे थांबायची. काचेला बोट न लावता वाकून बघायची आणि कुणी ऐकत नाही असं पाहून विचारायची, "काय गं, चालतेस ना नीट?"