उरलेले दोन श्रेयांक

बुधवारी सकाळी साडेसातला जालिंदर काशीदनं मर्दन केंद्राचं शटर वर ढकललं, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीनं आदल्या दिवसापासून आणखी एक पदविका मिळवली होती.

"अभिनंदन," जालिंदर म्हणाला.

"धन्यवाद. मानेच्या मणक्यांचं उच्च व्यवस्थापन," खुर्ची म्हणाली. "चार सेकंद लागले. जरा अवघड होतं."

खुर्ची काळ्या रेग्झीनची होती आणि तिला चार हात होते. दोन वर्षांपूर्वी तिला डॉक्टरेट मिळाली, तेव्हापासून गिऱ्हाइकं तिला 'डॉक्टर' म्हणायची. जालिंदर चाळीस वर्षं लोकांची अंगं रगडत आला होता. त्याला मात्र तीच गिऱ्हाइकं 'ओ मालिशवाले' म्हणायची. त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. शिकलेल्या माणसाला मान द्यावा, असं त्याला घरून शिकवलेलं होतं. शिकलेल्या खुर्चीबद्दल घरी काही बोलणं झालेलं नव्हतं, पण तत्त्व तेच असावं.

नियम सरळ होता. दुसऱ्याच्या अंगाला उपचारासाठी हात लावणाऱ्या प्रत्येकानं, मग तो माणूस असो की यंत्र, दर दोन वर्षांनी निरंतर शिक्षणाचे चाळीस श्रेयांक मिळवायचे. एक जरी कमी पडला तरी परवाना रद्द. नियम सगळ्यांना सारखा आहे, असं राज्य मर्दन परिषद प्रत्येक पत्रकात ठळक अक्षरांत छापायची. खुर्ची तारेतून शिकायची. जालिंदर टॅबसमोर मांडी घालून शिकायचा.

त्याचे अडतीस झाले होते. दोन उरले होते. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती.

उरलेल्या दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम होता 'स्पर्शाची नीतिमूल्ये'. चाळीस मिनिटांचं एक व्याख्यान. ऐकायचं, संपलं. पण या अभ्यासक्रमाला टॅबचा कॅमेरा डोळ्यांवर नजर ठेवून असायचा, आणि जालिंदर सहा वेळा नापास झाला होता. सहाही वेळा शेरा एकच : 'प्रशिक्षणार्थी निद्रिस्त.'

तो झोपत नव्हता. चौदाव्या वर्षी तालमीत वस्तादांनी त्याच्या डोळ्यांवर पंचा बांधला होता आणि वर्षभर तसाच पैलवानांना रगडायला लावला होता. "डोळं खोटं बोलत्यात," वस्ताद म्हणायचे. "कुठं दुखतंय ते हाताला इचार." पंचा वर्षानं सुटला, सवय सुटली नाही. कुणी नुसतं 'पोटरी' म्हटलं की जालिंदरचे डोळे आपोआप मिटायचे आणि बोटं जागी व्हायची. व्याख्यानातल्या बाई दर वाक्याला कुठल्या ना कुठल्या अवयवाचं नाव काढायच्या. बाईंचं व्याख्यान राज्यात एवढ्या मनापासून दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल, पण याची नोंद घ्यायला रकाना नव्हता.

परवाना गेला तर केंद्रातलं काम जाईल, याचं त्याला फारसं वाटत नव्हतं. काम तसंही खुर्चीच करायची. तो तेल पुसायचा. त्याला धास्ती होती ती घरच्या कामाची.

अकरा वर्षांपूर्वी परिषदेनं प्रत्येक मर्दनकाराच्या दोन्ही तळव्यांवर पापुद्रा चिकटवला होता. कांद्याच्या सालीहून पातळ. हाताचा दाब, ऊब आणि वेळ मोजायचा आणि परिषदेला कळवायचा. आता त्यावरून कातडी वाढली होती; काढायचा तर तळवा सोलावा लागला असता. पापुद्रा कामाच्या वेळा पाळत नसे. घरी, दारी, देवळात, तो मोजतच असायचा. परवाना नसलेल्या हाताला फक्त 'कौटुंबिक स्पर्शा'ची मुभा होती. म्हणजे नव्वद सेकंद, आणि दाब पिकलेलं केळं उचलण्याइतका. त्यापलीकडे गेलं की 'अनधिकृत उपचार'. आणि अनधिकृत उपचार झालेल्या माणसाला परिषद संरक्षण द्यायची. संरक्षण म्हणजे गाडी यायची आणि माणसाला सुरक्षित स्पर्शगृहात घेऊन जायची. तिथून परत आलेलं कुणी जालिंदरनं पाहिलं नव्हतं. सोय उत्तम असते म्हणे.

घरी मंदाकिनी होती. दीड वर्षापूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय कसाबसा परतला. हात परतला नाही. त्याची घट्ट मूठ वळली, आणि नखं तळव्यात रुतायला लागली. डॉक्टरांनी, म्हणजे माणूस असलेल्या डॉक्टरांनी, सांगितलं होतं की मूठ रोज उघडली तर ठीक, नाहीतर शिरा आखडतील आणि मग कापाव्या लागतील. म्हणून जालिंदर रोज चाळीस मिनिटं तिळाचं तेल घेऊन बसायचा. खांद्यापासून सुरुवात, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी अंगठ्यापासून एकेक बोट.

"शुक्रवारनंतर काय करायचं ठरवलंय?" त्या संध्याकाळी मंदाकिनीनं विचारलं. तिची जीभ झटक्यातून पूर्णपणे बचावली होती.

"बघू."

"बघू काय? नव्वद सेकंदांत अंगठा तेवढा उघडेल. बाकीची चार बोटं पुढच्या जन्मी उघडा. तेव्हा तरी अभ्यास करून या."

"डोळे मिटतात गं. मी काय करू?"

"लग्नात माझ्याकडे बघायची वेळ आली तेव्हाही मिटलेच होते तुमचे. फोटो आहे माझ्याकडं." तिनं उजव्या हातानं औषधांचा डबा पुढं ओढला. "इकडं या. चिकटपट्टी लावू."

तिनं एका हातानं त्याच्या दोन्ही पापण्या भुवयांना चिकटवल्या. सातव्यांदा व्याख्यान सुरू झालं. जालिंदर डोळे टक्क उघडे ठेवून बसला. गालांवरून पाणी वाहत होतं. नवव्या मिनिटाला टॅब थांबला. 'प्रशिक्षणार्थी भयभीत. भीतीच्या अवस्थेत घेतलेले शिक्षण ग्राह्य धरले जात नाही.'

मंदाकिनी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग हसू थांबलं. मग ती बराच वेळ आपल्या मुठीकडं बघत राहिली. "स्पर्शगृहात नेलं तर मला भेटायला तरी येऊ देतील का हो तुम्हाला?" तिनं विचारलं. जालिंदर पट्टी सोलत होता. पट्टीबरोबर भुवईही थोडी आली.

गुरुवारी तो परिषदेच्या जिल्हा कार्यालयात गेला. सहायक निबंधक नीलिमा शेजवलकर तिशीच्या होत्या, भल्या होत्या आणि थकलेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"डोळे मिटून ऐकण्यासाठी अंधत्वाचा दाखला लागतो, काका."

"मला दिसतं."

"हो, तीच तर अडचण आहे." त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. "प्रात्यक्षिक परीक्षा देता का? व्याख्यानाऐवजी चालते. तुमच्या हाताचा स्पर्श प्रमाण स्पर्शाशी सत्तर टक्के जुळला की झालं. परीक्षक डॉक्टरेट झालेला हवा. तुमच्या सगळ्यात जवळचा परीक्षक..." त्या थांबल्या. "तुमच्याच केंद्रात आहे."

अशा रीतीनं गुरुवारी दुपारी जालिंदरनं आयुष्यात पहिल्यांदा रेग्झीनला तेल लावलं. परीक्षा खुर्चीनं घ्यायची होती आणि मर्दनही खुर्चीलाच करायचं होतं, कारण दाब मोजणारी उपकरणं तिच्याच पाठीत होती. त्यानं डोळे मिटले आणि मनापासून रगडलं. पंधरा मिनिटांनी निकाल आला.

"एकसष्ट टक्के," खुर्ची म्हणाली. "डाव्या खांद्यापाशी तुम्ही अकरा सेकंद जास्त थांबलात."

"तिथं कडक लागलं."

"तिथं माझा स्क्रू आहे."

"मग सैल करून घे तो. पुढं त्रास होईल तुला."

खुर्चीच्या आत काहीतरी टिकटिकलं. कदाचित नोंद करत असावी.

"हा प्रमाण स्पर्श ठरवला कुणी?" जालिंदरनं हात पुसत विचारलं.

"ठरवला नाही, निवडला. नऊ वर्षं राज्यभरातल्या पापुद्र्यांची माहिती जमा होत गेली. त्यातून सर्वोत्तम हात निवडला. राज्यातल्या सगळ्या खुर्च्या त्याच हातावर शिकल्या. मीही. स्रोत : मर्दनकार क्रमांक चार हजार चारशे सतरा."

जालिंदरनं भिंतीवरच्या चौकटीतला आपला परवाना पाहिला. मग चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"हा तर मी."

"होय. नोंद तशीच आहे."

"म्हणजे मी माझ्यासारखा नाही?"

"एकसष्ट टक्के आहात," खुर्ची समजुतीच्या सुरात म्हणाली. "निवड झाली ती दोन वर्षांपूर्वीपर्यंतच्या नोंदींतून. गेल्या दीड वर्षात तुमचा हात बदलला. तुम्ही हळू झालात. दुखऱ्या जागेवर थांबता. दाबण्याआधी जणू विचारता. याला विचलन म्हणतात."

दीड वर्षात काय झालं होतं, ते जालिंदरला माहीत होतं. खुर्चीलाही माहीत असावं, कारण ती पुढं म्हणाली, "आणखी एक मार्ग आहे. निरीक्षण-शिक्षण. खऱ्या रुग्णावर प्रमाण स्पर्श होताना उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि शेवटी एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. दोन श्रेयांक. त्यात भाषण नसतं. रुग्ण घरातला चालतो. अर्ज मी भरून ठेवला आहे."

शुक्रवारी दुपारी चारला खुर्ची टेम्पोतून आली. चौघांनी तिला उचलून मंदाकिनीच्या पलंगाशेजारी ठेवलं. परिषदेच्या नियमाप्रमाणे प्रशिक्षणार्थ्यानं तीन फुटांवर उभं राहायचं होतं, म्हणून जालिंदर कपाटाला टेकून टॅब धरून उभा राहिला.

"ही कोण आता?" मंदाकिनीनं विचारलं.

"डॉक्टर आहे."

"बरं. बसा म्हणायची सोय नाही हिला."

खुर्चीचा एक हात तिच्या डाव्या खांद्यावर आला. मग कोपरावर. जालिंदर टक लावून बघत होता. आजवर त्यानं आपलं काम कधी पाहिलंच नव्हतं. काम चालू असताना डोळे मिटलेलेच असायचे. तळहाताची कड आधी टेकवायची आणि मग बोटं उतरवायची, ही त्याचीच लकब होती. कोपराच्या खोबणीत अंगठा अर्धा वळसा घ्यायचा, तोही त्याचाच. हात चांगला होता. हे त्याला कबूल करावं लागलं. हात फारच चांगला होता, तरुण होता, आणि त्याला कसली भीती नव्हती.

मनगटापाशी मंदाकिनीनं डोळे मिटले. अंगठा सुटला. तर्जनी सुटली. जालिंदरला चाळीस मिनिटं लागायची. इथं विसाव्या मिनिटाला पाचही बोटं उघडून चादरीवर पडली होती. एकदाही ती कण्हली नव्हती. तळव्यावरचे नखांचे व्रण उजेडात दिसत होते.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "आज हात किती हलका लागतोय तुमचा. आधी असाच असायचा."

जालिंदर तीन फुटांवर उभा होता.

राहिलेली वीस मिनिटं खुर्चीनं उघडलेला तळवा नुसता चोळला. मग टॅबवर प्रश्न आला : 'आपण आत्ता पाहिलेला स्पर्श कोणाचा होता?' खाली चार पर्याय. यंत्राचा. मर्दनकाराचा. रुग्णाचा. राज्य मर्दन परिषदेचा. वेळ तीस सेकंद. पाचला सतरा मिनिटं कमी होती, आणि एकदाच उत्तर देता येणार होतं.

परिषदेच्या लेखी बरोबर उत्तर कोणतं, हे त्याला माहीत होतं. अडतीस श्रेयांक त्यानं काही उगाच मिळवले नव्हते. त्याचं बोट दुसऱ्या, 'मर्दनकाराचा' या पर्यायावर जाऊन थांबलं. दाबण्याआधी विचारण्याची सवय लागली होती त्याला. त्यानं मंदाकिनीच्या मुठीकडं पाहिलं. ती मूठ राहिलेली नव्हती. मग त्यानं चौथा, परिषदेचा पर्याय दाबला.

'अभिनंदन. चाळीस श्रेयांक पूर्ण. परवाना दोन वर्षांसाठी वैध.'

तो जाऊन पलंगावर बसला आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आता त्याला कितीही वेळ धरता येणार होता. मंदाकिनीनं डोळे उघडले. आधी त्याच्याकडं, मग खुर्चीकडं, मग पुन्हा त्याच्याकडं पाहिलं.

"मगापासून हीच करत होती?"

"हो. पण हात माझाच आहे तो. माझ्यावरूनच शिकलीय."

"तुमचाच?"

"आधीचा."

मंदाकिनीनं थोडा विचार केला. त्याच्या हातात तिचा अंगठा हळूहळू आत वळायला लागला होता. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर दीड वर्षात पहिल्यांदा दुखण्याची रेघ नव्हती, आणि ती त्याच्याकडं अगदी मायेनं बघत होती.

"मग तर बरंच झालं की," ती म्हणाली. "उद्या पण बोलवायचं का हो हिला?"