मंगळावरच्या डावखुऱ्या पायऱ्या

रेशमा विटकर सकाळी नऊला कँटीनमध्ये आली तेव्हा शेवंताकाकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि चहाच्या शेजारी स्वतःचा मोबाइल.

"बघ बाई. माझ्या नातीनं पाठवलंय. मंगळावर जिना सापडला म्हणे!"

रेशमानं मान वळवली नाही. बघायची गरजच नव्हती. तांबड्या कड्याच्या पोटात अकरा पायऱ्या, एकीसारखी एक, आणि वर काळी चौकट. हे चित्र तिनं आदल्या संध्याकाळी, सगळ्या जगाच्या बारा मिनिटं आधी पाहिलं होतं. संचालकांना ते मंत्रालयात पाठवायला तेवढीच बारा मिनिटं लागली. तिला कुणी विचारलं नाही.

"जिना नाही काकू. दगड आहे."

"दगड? अगं, आमच्या चाळीतल्या जिन्यापेक्षा सरळ आहे तो! आमच्या बिल्डरलाच धाडायला पाहिजे तिकडं, शिकायला."

शेजारच्या टेबलांवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "काकू, ताईंच्या नादी लागू नका. त्यांना लग्नाच्या फोटोतसुद्धा आधी दगड दिसतात."

"आणि तुम्हाला दगडात लग्न दिसतं," रेशमा म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली.

ओतूरच्या माळावरचं हे केंद्र मंगळावरची एक गाडी चालवत होतं. गाडीचं नाव वाटसरू. गाडी म्हातारी झाली होती आणि तिचे निरोप पृथ्वीकडे पोचवणारा उपग्रह तिच्याहून म्हातारा. त्यामुळे चित्र कधी पुरं येतच नसे. शंभर ठिपक्यांतले तीस यायचे. उरलेले सत्तर ‘पूरक-नेत्र’ भरायचं. हे यंत्र आता नवलाईचं राहिलं नव्हतं. त्याचं धाकटं भावंड लोकांच्या मोबाइलमध्ये होतं. हललेला फोटो ते सरळ करून द्यायचं, मिटलेले डोळे उघडून द्यायचं. मिटलेल्या पापणीमागं काय होतं हे त्याला कुठून कळलं, असं कुणी विचारत नसे. फोटो छान आला ना, मग झालं.

वाटसरूची बॅटरी आता फार तर चाळीस दिवस टिकणार होती. एकच फेरी उरली होती. ती ठरलेली होती दक्षिणेला, गाळाच्या उतारावर. तिथं एके काळी तळं होतं. मंगळावर कधी काही जगलं असेल तर त्याची खूण त्या वाळलेल्या चिखलाच्या थरांत सापडली असती. दोन वर्षं रेशमानं तो उतार इंच इंच वाचला होता. पायऱ्या होत्या नेमक्या उलट्या दिशेला, उत्तरेला. आज दुपारी चार चाळीसला उपग्रहाचा दुवा तुटायचा आणि मग तेरा दिवस मिळायचा नाही. त्याच्या आत गाडी वळवायची तर दोन सह्या लागत, संचालकांची आणि खडक-वाचकाची. आधीची गाडी भुसभुशीत वाळूत रुतून मेली तेव्हापासूनचा हा नियम. सह्या नसतील तर गाडी जुन्याच हुकुमानं चालणार.

खडक-वाचक म्हणजे रेशमा. तिच्या नावापुढं डॉक्टर नव्हतं. ती खाणीत वाढली, भूगर्भशास्त्र लायब्ररीतल्या पुस्तकांतून शिकली, आणि केंद्रानं छापलेल्या एका चित्रातली चूक पोस्टकार्डावर लिहून पाठवली म्हणून तिला इथं नोकरी मिळाली. ते पोस्टकार्ड इथल्या पुष्कळांना अजून टोचत होतं.

ती थेट इरफान मुलाणीच्या खोलीत शिरली. पूरक-नेत्र त्याचं. सहा वर्षं त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं.

"सातव्या पायरीचं तोंड मोठं कर."

"ताई, तुम्ही कालपासून चौथ्यांदा बघताय."

"कर म्हटलं ना."

पायरीचं तोंड पडदाभर झालं. त्यावर बारीक तिरपे घाव होते, टाकीचे. टाकी म्हणजे दगड घडवायची छिन्नी. काल रेशमाला ते पाहून नुसतंच अस्वस्थ वाटलं होतं. आज तिनं ते मोजले. चार हलके, पाचवा खोल. चार हलके, पाचवा खोल. पायरीच्या कडेला एक बोट रुंदीची पट्टी कोरी सोडलेली. आणि घावांचा उतार डावीकडून उजवीकडे.

"इरफान, उजव्या हातात हातोडा धरणारा माणूस घाव घालतो ना, ते उजवीकडून डावीकडे उतरतात. हे उलटे आहेत. हा माणूस डावखुरा आहे."

"मंगळवासी डावखुरा? वा! मंत्र्यांना अजून एक बातमी."

"मंगळवासी नाही. तिम्मा विटकर. माझा बा."

इरफान हसायला लागला आणि तिचं तोंड बघून थांबला.

"पाचवा घाव खोल का, तर बा मोजून काम करायचा. चार झाले की श्वास घ्यायचा आणि पाचवा जोरात. कडेची पट्टी सोडायचा, कारण पायरीची धार कडेला झडते. अख्ख्या टोळीनं घडवलेल्या दगडावर शेवटचा हात बाच फिरवायचा. दुसऱ्याला करू द्यायचा नाही. आता सांग, तुझ्या यंत्राला दगड कसा असतो हे कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे... चित्रांनी. चार लाख चित्रं दाखवली त्याला."

"कुठली?"

"किल्ले दुरुस्ती मोहिमेची. ताई, दगडाची एवढी स्वच्छ चित्रं राज्यात दुसरीकडे कुठं होती? ड्रोननं काढलेली, प्रत्येक दगडाला नंबर दिलेला. आणि सरकारनं फुकट दिली."

"त्यात पायऱ्या किती?"

त्यानं यादी उघडली. निम्म्याहून जास्त चित्रं एकाच किल्ल्याची होती. त्या किल्ल्यावर दरवाजाच्या काळ्या चौकटीपर्यंत सहाशे चाळीस पायऱ्या नव्यानं बसवल्या होत्या. रेशमाला तो आकडा यादीशिवाय पाठ होता. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि त्या पायऱ्या घडवणाऱ्या बाच्या टोळीसाठी पाण्याची कळशी घेऊन त्या पायऱ्या दिवसातून सहादा चढायची.

"म्हणजे त्याला दगड म्हणजे पायरीच वाटणार," ती म्हणाली. "ज्यानं जन्मात दुसरं काही बघितलंच नाही, तो दुसरं काय भरणार? भरलेलं काढ. मूळचे तीस ठिपके दाखव."

इरफाननं काढले. पडद्यावर काळ्या-तांबड्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी उरल्या. कडा म्हणा, नाहीतर बसलेल्या म्हशीच्या बरगड्या म्हणा.

"पण ताई, ओळी आहेत," तो हळूच म्हणाला. तो स्वतःशीच भांडत होता. "काहीतरी सरळ आहे तिथं. यंत्रानं सगळंच हवेतून नाही आणलं. आणि हे सिद्ध कसं करणार तुम्ही? घाव ओळखीचे आहेत म्हणून?"

रेशमा तडक बाहेर पडली. परत आली तेव्हा तिच्या हातात अर्धी फुटलेली गुळाची ढेप होती आणि मागून शेवंताकाकूंचा आवाज येत होता, "अगं, दुपारच्या चहाला काय घालू मी? तुझं डोकं?"

दोनच्या बैठकीत संचालक डॉ. खांडेपारकर सही करून बसलेच होते. कागद त्यांनी रेशमाकडं सरकवला. त्यांच्या मागच्या खिडकीत माळशेजकडचे डोंगर ऊन खात पडले होते.

"विटकरबाई, उशीर नको. सगळं जग बघतंय."

"जगाला आधी हे दाखवा. इरफान, लाव."

इरफाननं गुळाच्या ढेपेचा फोटो लावला. मग त्यातले शंभरातले सत्तर ठिपके पुसले. मग पुसलेले भरायला पूरक-नेत्राची कळ दाबली.

गुळाच्या फुटक्या कडेवर सात पायऱ्या उगवल्या. टाकीचे घाव असलेल्या. चार हलके, पाचवा खोल, डावीकडून उजवीकडे. सगळ्यात वर काळी चौकट.

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"ही ढेप कँटीनची आहे," रेशमा म्हणाली. "आत मुंगळे असतील. मंगळवासी नाहीत."

खांडेपारकरांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरलेले होते. "हे पाहा, गुळाचं राहू द्या. त्या कड्यावरच्या ओळी तर खऱ्या आहेत? निसर्गात इतकं सरळ काही असतं का?"

"मागं वळून बघा सर."

"काय?"

"खिडकीतून बघा. तो डोंगर पायऱ्यापायऱ्यांचाच आहे. एका लाव्ह्यावर दुसरा लाव्हा सांडला, थर पडले, मऊ थर झिजले, कठीण राहिले. जिना झाला. तुम्ही रोज त्याच्याकडं पाठ करून बसता. काळा दगड थंड होतानाच सरळ चिरतो, आम्ही त्या चिरेतच पहार घालतो. आपण होऊन सरळ फुटला नसता तर माझ्या माणसांना तो माणसाच्या ताकदीनं निघालाच नसता."

"खाणीतल्या अनुभवावर विज्ञान चालत नाही, बाई."

"मग मला पगार कशाचा देता? पोस्टकार्डावरच्या अक्षराचा?"

खांडेपारकर खालच्या आवाजात बोलू लागले. हे केंद्र मार्चमध्ये बंद करायचं घाटत होतं. तीनशे माणसं. कालच्या चित्रानंतर मंत्र्यांनी स्वतः फोन केला. गाळ बघायला कोण येतं? वाळलेल्या चिखलाचा फोटो कुणाची नात कुणाला पाठवते?

"लोकांना पायऱ्या हव्यात," ते म्हणाले. "आणि समजा, तुम्हीच चुकत असाल तर? तिथं खरंच कुणी असेल तर?"

हा प्रश्न खरा होता आणि रेशमानं तो टाळला नाही. "तिथं कुणी नव्हतंच, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. म्हणून तर गाडी गाळात पाठवायची. जे कधी जगलं असेल ते गाळात सापडेल. तुमच्या कड्यावर आपलंच तोंड सापडणार आहे. चाळीस दिवस आरशात बघण्यात घालवायचे?"

"सही करा, नाहीतर निलंबन."

"करा निलंबन. पण तो कागद पुण्याच्या मुख्य कचेरीतून यायला संध्याकाळ होईल. चार चाळीसपर्यंत खडक-वाचक मीच आहे."

तिनं पेन टेबलावर ठेवलं, टोपण लावून, आणि हाताची घडी घातली.

पुढचे दोन तास लोक येत राहिले. हिशोबनीस आले. सुरक्षा अधिकारी आले. एकानं तिला गावाच्या अभिमानाची आठवण करून दिली, एकानं देशाच्या, एकानं तिच्या घराच्या हप्त्यांची चौकशी केली. एका बाईनं रडून दाखवलं. मंत्रालयातून फोन आला तो खांडेपारकरांनी तिच्या कानाला लावला, आणि रेशमा म्हणाली, "साहेब, गूळ खाता का तुम्ही?" फोन कट झाला. चारला इरफान येऊन तिच्याशेजारच्या खुर्चीत बसला. त्याचं सहा वर्षांचं काम त्या गुळाबरोबर टेबलावर पडलं होतं आणि मुंग्या लागल्या होत्या.

चार एकोणचाळीसला खांडेपारकर म्हणाले, "विटकर, शेवटचं विचारतो."

"मीही शेवटचंच सांगते. नाही."

दुवा तुटला. सह्या नव्हत्या म्हणून कोट्यवधी किलोमीटरांवर एक म्हातारी गाडी जुन्या हुकुमानं वळली आणि दक्षिणेला, गाळाच्या उताराकडं चालू लागली.

सहाला निलंबनाचा कागद आला. फाटकाबाहेर टीव्हीवाले आणि दीडदोनशे माणसं उभी होती. काहींच्या हातात पायऱ्यांची पोस्टरं होती. "आमचा जिना चोरला," असं एक जण तिच्या तोंडावर ओरडला. रेशमानं टीव्हीवाल्याचा माइक हातातून ओढून घेतला आणि सगळं सांगितलं. तीस ठिपके, सत्तर ठिपके, चार लाख चित्रं, गूळ. कुणाला दुखवू नये म्हणून एकही शब्द गिळला नाही. "मंगळावर जिना बांधणारं कुणी दिसलेलं नाही," ती म्हणाली. "ज्याला दिसलं, त्यानं मूळचे ठिपके मागावेत. इथून पुढं प्रत्येक चित्राचे मागावेत. पोलिसांच्या कॅमेऱ्यातल्या, दवाखान्यातल्या, सगळ्या चित्रांचे."

पोस्टरवाल्यानं चप्पल भिरकावली. ती टीव्हीवाल्याला लागली.

ती स्टँडवर पोचली तेव्हा सोलापूरहून आईचा फोन आला. हणमव्वा विटकर, वय चौऱ्याहत्तर. निम्मं आयुष्य डोक्यावर खडी वाहिलेली. आवाज अजून खाणीत हाक मारल्यासारखा.

"रेशमे, टीव्हीवर बगितलं तुला. केस इंचरून जायचं की गं."

"आई, नोकरी गेली बहुतेक."

"जाऊ दे. हात हाईत. त्या चित्रातलं घाव म्या बी वळखलं. काल रातीलाच. मला वाटलं, म्हातारीला भास झाला. कुनाला बोलले न्हाई."

एसटी आली, माणसं चढली, एसटी गेली.

"गडावर लई मोठी पाटी लावलीया," आई म्हणाली. "मंत्र्याचं नाव हाय, इंजिनेराचं हाय, ठेकेदाराचं बी हाय. म्या वाचून घेतलीया एका पोरीकडनं." फोनमधून तिचा श्वास ऐकू आला, जड, दगडाच्या भुकटीनं घासलेला. "मंगळावर मानूस नव्हता, हे आज तू समद्या जगाला ठनकावून सांगितलंस, बरं केलंस. पर इतं तुजा बा व्हता, हे कवा सांगनार हाईत?"