लाल बोटांची साक्ष

मकावच्या समुद्रदेवीच्या देवळात त्या सकाळी पावसाची नुसती भुरभुर होती. देवीआईचा जन्मोत्सव, म्हणून गर्दी दाटलेली. माझा नवसाचा लाल कागद वाऱ्याने सुटला आणि थेट एका तरुणाच्या ओल्या गालावर जाऊन चिकटला!

“आईनं प्रसाद दिला वाटतं,” कागद सोडवत तो म्हणाला. बोली आमच्यासारखीच, हेल तेवढा निराळा.

“प्रसाद नाही, नवस आहे माझा. वाचू नका!”

“नाही वाचला... पण भलताच लांबलचक दिसतोय. बांधू लागू का?”

दोघांनी मिळून तो नवसाच्या दोरीला बांधला. ओल्या कागदाचा रंग दोघांच्याही बोटांना उतरला. तो मलेशियातल्या पेनांगचा, मी तैवानमधल्या लुकांगची — एवढं बोलणं होतंय तोवर मावशीची हाक आली. नावं विचारायची राहूनच गेली.

दुपारी आमचा यात्रेकरूंचा जथा जुगारघरात शिरला. मावशीची हौस! मलाही तिने एका टेबलाशी बसवलं. आणि समोर — तोच. हसला. मी घाईघाईने पत्त्यात डोकं घातलं.

पत्ता कडेने हळूहळू वाकवायचा, नको ते ठिपके उडून जावेत म्हणून त्यावर फुंकर घालायची, अशी तिथली रीत. मी फुंकर घातली... नऊ, म्हणजे डाव माझा! मावशी टाळ्या पिटू लागली. आणि माझ्या खांद्यावर एक हात पडला.

करड्या कोटातल्या, जुगारघराच्या देखरेखीवरच्या बाई होत्या. “जरा आत चला.”

आतली खोली बिनखिडकीची. बाईंनी पत्ता पुढे सरकवला. कडेला लाल डाग.

“खूण केलीत तुम्ही.”

“अहो, देवळातला रंग आहे तो! आणि वाकवलेला पत्ता तुम्ही फेकूनच देता ना? खूण करून मला काय मिळणार?”

“प्रश्न आम्ही विचारायचे.” त्यांनी एक कागद पुढे केला. “चूक कबूल करा, सही करा, जा. फोटो मात्र सगळ्या जुगारघरांत लागेल.”

मी बालवाडीत शिकवते. खोटं बोलू नये, हे रोज चिमण्या तोंडांकडून म्हणवून घेते. सही केली तर खोटारडी, नाही केली तर चोर! आई, कुठे आणून बसवलंस गं?

तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. “त्या खरं बोलताहेत. हा बघा तोच रंग!” त्याने लाल बोटं पसरून दाखवली.

बाईंचे डोळे चमकले. “अस्सं! म्हणजे जोडी आहे तर.”

मी कपाळावर हात मारला. “कशाला आलात तुम्ही?”

“मदतीला...”

“याला मदत म्हणतात?”

“थोडी चुकली,” तो पुटपुटला.

बाईंनी पडद्यावर टेबलाचं चित्रण लावलं. मी पत्ते बघते आहे... आणि तो माझ्याकडे. स्वतःच्या पत्त्यांकडे एकदाही नाही!

“इशारे चालले होते?”

“नाही हो.”

“मग त्यांच्याकडे का बघत होता?”

त्याच्या कानाच्या पाळ्या बोटांइतक्याच लाल झाल्या. “सकाळी नाव विचारायचं राहिलं होतं. मग... परत दिसल्या. आता पत्त्यांत काय बघायचं?”

हे खरं, की सुटकेची सबब? त्याचा आवाज कापला तो भीतीने, की... काही कळेना. रागवावं, हसावं, की रडावं?

दारावर धडाधड थापा पडल्या. मावशी! मागे अख्खा जथा.

“माझ्या पोरीला चोर म्हणता? आज आईचा जन्मोत्सव, नवस बांधताना रंग लागणारच! घ्या, ही सगळीच टोळी धरा!” आणि बाईंच्या नाकासमोर लाल तळव्यांचं रान उभं राहिलं.

बाईंनी कागद मुकाट्याने मागे घेतला. क्षमा मागणं नाही, डाव रद्द. हातात जेवणाची दोन कुपनं तेवढी कोंबली.

बाहेर अजून भुरभुर होतीच. मावशी मुद्दाम पुढे निघून गेली.

“आत जे बोललात...” मी अडखळले. “ते सुटण्यासाठीच ना?”

तो चमकून थांबला. “मी तर सुटलेलाच होतो. मला कुणी धरलं होतं?”

खरंच की! दार त्याने स्वतःच ढकललं होतं. एवढी साधी गोष्ट... आणि मी वेडी त्याच्या आवाजातली थरथर मोजत बसले होते.

“माझं नाव सू-येन,” मी म्हणाले. “आणि... ते ‘तुम्ही’ नको.”

“बून-हाव.” तो जरा घुटमळला. “जेवायला येतेस?”

“त्यांच्या कुपनांवर? मुळीच नाही!”

“मग देवळासमोरच्या शेवया. पण आधी हात धुवायला हवेत, हा रंग—”

“राहू दे,” मी म्हणाले.